जखमेतील जाळ आणि धग

साठी ओलांडलेल्या माणसाच्या पायाला जखम झाली की घरात दोन प्रश्न हमखास उभे राहतात. पहिला, ‘ही चिघळणार तर नाही ना?’ दुसरा थोड्या दिवसांनी, काहीशा अधीरतेने विचारला जातो: ‘नातवाचा खरचटलेला गुडघा आठवड्यात बरा झाला, मग आजोबांचा अंगठा महिना उलटला तरी ओला कसा?’ तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे आणि गेली सत्तावीस वर्षे हे दोन्ही प्रश्न मी ऐकत आले आहे. पहिल्याचे उत्तर जखम पाहून देता येते. दुसऱ्याचे उत्तर मात्र बहुधा ‘वय झाले, साखर आहे’ एवढ्यावरच आटोपते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. वय आणि साखर जखमेच्या आत नेमके काय करतात हे उमगले, तर शुश्रूषा करणाऱ्याच्या हातांना दिशा मिळते. त्यासाठीच आजचे हे लेखन.

प्रथम ‘दाह’ या शब्दाशी नीट ओळख करून घेऊ. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवून ठेवली. त्या अवयवाचे काम थांबणे हे पाचवे लक्षण पुढे जोडले गेले. ही लक्षणे दिसताच आपण घाबरतो आणि औषधाच्या दुकानातून सूज उतरवणारी गोळी मागवतो. परंतु पहिल्या तीन-चार दिवसांतील हा दाह म्हणजे शरीराने मदतीला बोलावलेले मनुष्यबळ असते. तेथे रक्त अधिक येते म्हणून जागा लाल आणि गरम होते. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होऊन द्रव आणि पेशी बाहेर झिरपतात म्हणून सूज येते.

हे मनुष्यबळ डोळ्यांनी पाहण्याचे भाग्य १८८२ साली इल्या मेच्निकोव्ह या रशियन प्राणिशास्त्रज्ञाला लाभले. तो तेव्हा सिसिली बेटावरील मेसिना या गावी राहत होता. घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती आणि तो सूक्ष्मदर्शकापाशी एकटाच बसला होता. तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात फिरणाऱ्या पेशी पाहता पाहता त्याच्या मनात आले, या पेशी शरीराचे रक्षण तर करीत नसतील? त्याने बागेतून गुलाबाचे काटे आणले आणि अळ्यांच्या अंगात टोचले. त्या रात्री त्याला झोप लागली नाही. सकाळी पाहतो तो काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला! या शोधाची परिणती पुढे १९०८ च्या नोबेल पारितोषिकात झाली. ते त्याला पॉल अर्लिक यांच्यासमवेत मिळाले.

आपल्या जखमेतही असाच गराडा पडतो, आणि त्याला एक क्रम असतो. कापल्यानंतर काही मिनिटांत रक्त गोठते. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येऊन पोहोचतात आणि पहिल्या एक-दोन दिवसांत त्यांची संख्या सर्वाधिक असते. त्या जंतूंना गिळतात, त्यांच्यावर जहाल रसायनांचा मारा करतात आणि बहुतेक तेथेच प्राण सोडतात. आपण ज्याला पू म्हणतो, त्यात प्रामुख्याने या मृत पेशीच असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रक्तातील मोनोसाइट पेशी जखमेत उतरतात आणि त्यांचे रूपांतर महाभक्षी पेशींत होते. जंतूंशी झुंजणे हे या महाभक्षी पेशींचे पहिले काम. राडारोडा उचलणे आणि नवे बांधकाम सुरू करून देणे हे दुसरे. एकाच पेशीने आधी लढायचे आणि नंतर बांधायचे, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. या दोन कामांसाठी पेशी इंधन कसे जाळते? ज्यांनी चूल पेटवली आहे, त्यांना हे समजायला कठीण जाणार नाही. काटक्या सारल्या की जाळ झटकन वर येतो, पाणी लवकर तापते. पण काटक्या भराभर संपतात आणि धूरही पुष्कळ होतो. जाड लाकडाचा निखारा तयार व्हायला वेळ लागतो, मात्र त्याची धग दीर्घकाळ पुरते. तव्यावरची भाकरी शेवटी फुगवायची ती आरावरच. तेथे नुसता जाळ असेल तर ती करपते.

पेशीकडेही अशाच दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत साखरेचा रेणू प्राणवायूवाचून अर्धवट फोडला जातो. ग्लुकोजच्या एका रेणूपासून यात एटीपी या शक्तिरेणूचे फक्त २ रेणू पदरात पडतात आणि लॅक्टेट मागे उरते. दुसऱ्या रीतीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या पेशीतील भट्ट्यांत साखर किंवा स्निग्ध पदार्थ प्राणवायूच्या साहाय्याने पूर्ण जळतात, आणि तेवढ्याच ग्लुकोजपासून सुमारे ३० रेणू मिळतात. झुंजणाऱ्या पेशी मुख्यतः पहिली, उधळपट्टीची रीत पत्करतात. हा वरवर वेडेपणा वाटतो, पण त्याला कारणे आहेत. जाळ लवकर हवा असतो. जखमेत रक्तवाहिन्या तुटलेल्या असल्याने प्राणवायूची टंचाई असते. शिवाय उपलब्ध प्राणवायूपासून जंतुनाशक रसायने बनवायची असतात, तो चुलीत घालून भागत नाही. धूरही अगदी वाया जात नाही, कारण जखमेत साठलेले लॅक्टेट नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीला आणि कोलॅजन तयार होण्याला चालना देते.

प्राणवायू असूनही साखर अर्धवटच जाळण्याची ही खोड कर्करोगाच्या पेशींत जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात दाखवून दिली होती. जंतूंशी लढणाऱ्या महाभक्षी पेशी तीच वाट धरतात, याकडे संशोधकांचे लक्ष अलीकडच्या काळात विशेष वळले. २०१३ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील ल्यूक ओनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. पेटलेल्या महाभक्षी पेशीत सक्सिनेट हा चयापचयातील एक साधा पदार्थ साचतो, आणि तो साचल्यामुळे दाह वाढवणाऱ्या इंटरल्यूकिन-१ बीटा या संदेशरसायनाची निर्मिती वाढते. म्हणजे इंधन पेशीला शक्ती तर देतेच, शिवाय काय करायचे याचा हुकूमही देते. चुलीत काय जळते आहे यावर घरात काय शिजणार, हे ठरते.

लढाई आटोपल्यावर महाभक्षी पेशींना चूल बदलावी लागते. येथे निसर्गाची एक विलक्षण योजना दिसते. महाभक्षी पेशी मेलेल्या न्यूट्रोफिल पेशींना गिळतात. गिळलेल्या पेशींतील स्निग्ध पदार्थ मायटोकॉन्ड्रियात जळू लागतात, आणि त्याच प्रक्रियेतून दाह शमवणारी संदेशरसायने तयार होतात. मृतांची विल्हेवाट लागली, हीच युद्ध थांबल्याची दवंडी. त्यानंतर धग मंद आणि स्थिर होते, कोलॅजनचे धागे विणले जातात, कडांवरून नवी त्वचा सरकत येते. प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत लढणाऱ्या आणि बांधणाऱ्या पेशी स्वच्छ वेगळ्या दिसतात. खऱ्या जखमेत त्यांची सरमिसळ असते, तरी एकंदर प्रवाहाची दिशा हीच. दाह आपोआप विझत नाही, शरीराला तो विझवावा लागतो, एवढे आपण लक्षात ठेवले तरी पुरे.

वार्धक्यात आणि मधुमेहात हे वळणच अवघड होते. वयाबरोबर मायटोकॉन्ड्रियाची कार्यक्षमता उतरते आणि मृत पेशी उचलण्याचा वेग मंदावतो. शरीरभर एक बारीकसा दाह सतत धुमसत राहतो. त्याला इटालियन संशोधक क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० साली ‘वार्धक्यदाह’ या अर्थाचे नाव दिले. मधुमेहात भर पडते ती अशी: वाढलेल्या साखरेमुळे न्यूट्रोफिल पेशींची जंतूंकडे धाव घेण्याची आणि त्यांना गिळण्याची ताकद घटते, तर महाभक्षी पेशी लढाईच्याच अवस्थेत अडकून पडतात. काटक्यांचा जाळ संपत नाही आणि निखारा धरत नाही. जखम ना मरते ना भरते. त्यातच पायाच्या नसा बधिर झालेल्या असतात, बारीक रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात.

हे सारे पुस्तकी वाटू नये म्हणून एका कुटुंबाविषयी सांगते. आमच्या गावातील एक निवृत्त शिक्षक, वय ७४, मधुमेह १६ वर्षांचा. गावात त्यांना सारे गुरुजी म्हणतात. नव्या चपलेचा पट्टा लागून त्यांच्या पायाच्या करंगळीपाशी फोड आला आणि फुटला. दुखत नसल्याने त्यांनी तीन आठवडे कोणाला सांगितलेच नाही. पत्नीने पायमोज्यावरचा डाग पाहिला तेव्हा घरगुती उपाय सुरू झाले, आणि पाचव्या आठवड्यात ती दोघे माझ्याकडे आली. जखम पाच रुपयांच्या नाण्याएवढी होती, कडा पांढुरक्या आणि जाड, तळाशी पिवळसर मृत थर.

“डॉक्टरबाई, दुखत मुळीच नाही. मग काळजी कशाची?” गुरुजींनी विचारले.

“दुखत नाही, हीच काळजी आहे, गुरुजी,” मी म्हटले.

त्यांच्या पत्नी मध्येच म्हणाल्या, “पथ्य अगदी कडक ठेवलंय हो मी. डाळ बंद, दूध बंद, दही तर नाहीच नाही. दोन्ही वेळा नुसती पेज. डाळीनं पू होतो म्हणतात ना!” पिशवीतून त्यांनी एक डबाही काढला. प्रतिकारशक्ती वाढवणारी पूड म्हणून मुलाने ती शहरातून पाठवली होती.

जाताना गुरुजी दारापाशी थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, “थोरल्या भावाचा पाय गुडघ्याखाली गेला. त्याचीही सुरुवात अशीच झाली होती. हिला ते ठाऊक नाही.” मला वाटते, त्यांच्या पत्नीला ते पुरते ठाऊक होते. पेजेचे ते कडक पथ्य त्या भीतीतूनच आले होते.

त्या घरात प्रेमाची उणीव नव्हती, पण प्रत्येक उपाय जखमेच्या गरजेच्या उलट दिशेला जात होता. पेज म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ती पोटात गेली की साखर चटकन चढते, आणि कोलॅजन विणायला लागणारी प्रथिने तिच्यात नावालाच असतात. डाळीने पू होतो या समजुतीला वैद्यकीय आधार नाही. पू होतो तो जंतुसंसर्गाने. गुरुजींची तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी चाचणी १०.२ टक्के आली. पावलावरची नाडी हाताला लागत होती, हा मोठा दिलासा. क्ष-किरण चित्रात हाड खराब झालेले दिसले नाही. मी त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी शल्यविशारदांकडे पाठवले. त्यांनी जखमेतील मृत थर कापून काढला. महाभक्षी पेशींना जे काम झेपत नव्हते, ते त्यांनी हत्याराने हलके केले. इन्सुलिन सुरू झाले. जखमेवर भार पडू नये अशी खास चप्पल करून घेतली. मूत्रपिंडाची तपासणी ठीक आल्यावर ताटात वरण, उसळ, पिठले, दूध आणि ताजे ताक आले. पुडीचा डबा मात्र फडताळात गेला.

त्यांच्या पत्नीला मी एक काम दिले. स्वच्छ केलेला पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा दर रविवारी जखमेच्या वर धरायचा, जखमेला न टेकवता पेनाने कडेची रेघ काढायची आणि तारीख घालायची. चौथ्या रविवारी त्यांनी चार तुकडे माझ्या टेबलावर ओळीने मांडले. शेवटची आकृती पहिलीच्या निम्म्याहून लहान होती. मधुमेही पायाच्या जखमेचे क्षेत्रफळ चार आठवड्यांत निम्मे झाले तर ती पुढे भरण्याची आशा चांगली असते. तसे झाले नाही तर उपचारांचा फेरविचार करावा लागतो. गुरुजींची जखम तेराव्या आठवड्यात मिटली. करंगळी शाबूत राहिली.

गेल्या काही वर्षांत, विशेषतः २०२० नंतर, ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा मंत्र घरोघरी पोहोचला आहे. वाचकहो, गुरुजींच्या पायात प्रतिकारशक्ती कमी नव्हती, ती अडकली होती. लढणाऱ्या पेशींना आणखी चेतवणे म्हणजे विझायला हव्या असलेल्या जाळात आणखी काटक्या सारणे. याच्या उलट टोकाची चूकही तेवढीच घातक आहे. दाह वाईट असे ऐकून पहिल्या दिवसापासून वेदनाशामक गोळ्या मनाने घेणे वृद्धांच्या मूत्रपिंडाला आणि जठराला महागात पडते. स्टेरॉइड तर पेशींचे काम आणि जखमेचे भरणे दोन्ही मंदावते. ज्यांना ते दीर्घकाळ सुरू आहे, त्यांनी मात्र ते एकाएकी बंद करू नये. डॉक्टरांना जखमेची कल्पना द्यावी.

मग घरच्या माणसाने करावे तरी काय? चयापचयाच्या दृष्टीने पाहिले तर ही यादी अवघड नाही.

साखर आटोक्यात ठेवणे ही सर्वांत पहिली आणि सर्वांत परिणामकारक गोष्ट. मलमपट्टी जखमेच्या वरून होते, साखरेचा उपचार तिच्या तळातून होतो. त्यानंतर प्रथिने. निरोगी वृद्धालाही दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि जखम असताना त्याहून थोडी अधिक. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनाच विचारून ठरवावे. आपल्या ताटात वरण, उसळ, शेंगदाणे, दूध, ताक, आणि चालत असेल तर अंडी व मासे, असे पर्याय पुष्कळ आहेत.

तिसरी गोष्ट स्नायूंची. ग्लुटामिन नावाचे अमिनो आम्ल लढणाऱ्या आणि दुरुस्ती करणाऱ्या पेशींचे आवडते इंधन आहे आणि त्याची मोठी ठेव स्नायूंत असते. जखम झाली म्हणून आजोबांना दिवसभर खाटेवर निजवून ठेवले, तर ही ठेव झपाट्याने झिजते. जखमेच्या पायावर भार टाकू नये हे खरे. पण खुर्चीत बसून हातांचे, मांड्यांचे व्यायाम करता येतात, दुसरा पाय हलवता येतो. चौथी गोष्ट तंबाखूची. विडी, सिगारेट आणि मिश्री यांतील निकोटिन बारीक रक्तवाहिन्या आकसवते. धग धरायला प्राणवायू हवा, आणि तो रक्तावाचून पोहोचत नाही. आजी ‘मी फक्त दात घासते’ म्हणतात, तरी मिश्रीतला तंबाखू हिरडीतून रक्तात जातोच.

जखमेवर तंबाखू, चुना, टूथपेस्ट, राख, शेण असे काहीही लावू नये. बधिर पायाला गरम पाण्याचा शेक देऊ नये. चटका बसल्याचे कळत नाही आणि एका जखमेच्या दोन होतात. धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली हे आठवत नसेल, तर डॉक्टरांना सांगावे.

आणि डोळे उघडे ठेवावेत. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून तळहाताऐवजी हाताची मागची बाजू जखमेभोवती हलकेच टेकवावी आणि दुसऱ्या पायाशी तुलना करावी. ऊब पसरत चालली, सूज वर चढली, दुर्गंधी आली, कातडी काळवंडली किंवा पू वाहू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. वृद्धांना जंतुसंसर्ग होऊनही ताप येतोच असे नाही. कधी नुसते खाणे कमी होते, कधी माणूस गुंगीत बोलतो, ओळखीच्या घरात गोंधळतो. ‘वयामुळे असेल’ म्हणून ते सोडून देऊ नये.

जखम मिटली म्हणजे सारे संपले असेही नाही. आतील विणकाम वर्षभर, कधी त्याहूनही अधिक चालते, आणि व्रणाची मजबुती मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्क्यांपुढे जात नाही. म्हणून एकदा फुटलेली जागा पुन्हा फुटू शकते. गुरुजींची पत्नी आजही रोज रात्री त्यांची पावले पाहते.

आपल्या घरी मधुमेह असलेले वडीलधारे माणूस असेल, तर आज रात्री निजण्यापूर्वी त्यांच्याजवळ बसा. दोन्ही पाय कोमट पाण्याने धुवा. पाण्याचा अंदाज आपल्या कोपराने घ्या. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, टाचा आणि तळवे उजेडात नीट पाहा, आणि चपलेच्या आत हात घालून कुठे खिळा किंवा खडा टोचत नाही ना, ते तपासा. एकट्या राहणाऱ्यांनी जमिनीवर आरसा ठेवून त्यात तळवे पाहावेत. या सगळ्याला पाच मिनिटे पुरतात.